रेडा मूळचा पैठणचा

जुन्नर तालुक्यातल्या आळ्याचा रेडा मूळचा पैठणचा. ज्ञानेश्वरांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, त्याच्या तोंडून वेद उमटले, आणि पुढे ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं आळंदीच्या वाटेला लागली तेव्हा तो मुका जीव त्यांच्यामागून चालत निघाला. आळ्याच्या शिवारात त्याने देह ठेवला आणि ज्ञानेश्वरांनी त्याला इथेच समाधी दिली, असं परंपरा सांगते. गोदेचं पाणी पिऊन वाढलेला तो. गोदा त्याला पुन्हा दिसली नाही. आळ्याने त्याच्यावर मंदिर बांधलं, त्याची यात्रा भरवली. पैठण सोडलं म्हणून त्याला कुणी बोल लावला नाही, आणि माघारी का गेला नाहीस असंही सातशे वर्षांत कुणी विचारलं नाही.

माघारी येणाऱ्याचं काय होतं, तेही याच कथेच्या पोटात आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला गेले, संन्यास घेतला, आणि गुरूंनीच परत पाठवलं म्हणून आळंदीला येऊन पुन्हा संसाराला लागले. ते गेले तेव्हा गाव काही बोललं नाही. परतले तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं, मुलांच्या मुंजी अडवल्या, आणि शेवटी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. मुलं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली ती त्यामुळे. रेडा वेद बोलला एवढं आपण लक्षात ठेवलं. बाप घरी परत आला म्हणून ही वेळ आली, हे मात्र कीर्तनात पटकन ओलांडून जातात.

आक्का, तुझ्या दहाव्याला मांडवात बसलो होतो तेव्हा हेच डोक्यात फिरत होतं. आपल्याकडे दशक्रिया म्हणजे मोठा मेळा. महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. आजी-माजी सगळे येऊन बोलून गेले, आणि प्रत्येकाने तुझं नाव घेण्याआधी तुझ्या मुलाचं घेतलं. ‘ज्यांचे चिरंजीव अमेरिकेत उच्च पदावर आहेत’ अशी तुझी ओळख. चिरंजीव तेव्हा तुझ्या पुतण्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये होता. तिकडे रात्र होती. त्याने पांढरा सदरा घातला होता आणि मागे स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता. पिंडाला कावळा शिवेना, तसा पुतण्याने मोबाइल पिंडाकडे वळवला. कुणी म्हणालं, आक्काचा जीव अडकलाय त्याच्यात, त्याला बोलायला सांगा. तो बोलला. रेंज नव्हती. काय बोलला ते कुणालाच कळलं नाही.

मी त्याच्याच वर्गातला. त्याचा बाक माझ्या बाकाला लागून. म्हणून लोक मला विचारतात, आणि प्रश्न नेहमी एकाच सुरात येतो: आईच्या मातीलाही येऊ नये माणसानं? पैसा चढला की असंच.

पैसा चढत असेलही. तसं नाही असं सोंग कशाला? पण पैशासाठी गेलेली माणसं या घाटमाथ्याला नवी नाहीत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्यांमध्ये, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे तीन दाते भेटतात. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंदाने गर्भद्वार. नाणेघाट चढून मालाबरोबर आलेली ही माणसं असावीत. कल्याणच्या बंदरातून जुन्नरला यायची तीच वाट होती. त्यांच्या आया कुठे होत्या, त्यांनी किती वर्षं वाट पाहिली, ते दगडावर कोरलेलं नाही. त्यांनी इथल्या लिपीत, इथल्या प्राकृतात, इथल्या देवधर्मासाठी दान दिलं. आपण त्यांचं कौतुक करतो, शाळेच्या सहली नेऊन दाखवतो. परक्या मुलखातला माणूस आपल्यात राहिला की तो आपल्याला गोड वाटतो. आपला माणूस परक्यात राहिला की तो कृतघ्न.

नंतर मुंबई आली. जुन्नर-आंबेगावची माणसं भायखळ्याच्या भाजीबाजारात गेली, पुढे वाशीला गेली, पाठीवर गोणी वाहिल्या, काहींनी गाळे घेतले. पण त्या जाण्यात येणं धरलेलं असायचं. यात्रेला मुंबईकर येणार म्हणजे येणार. पालखीला खांदा त्यांचा, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी त्यांची, पेरणीला आठवडाभर रजा टाकून येणंही त्यांचं. बायकापोरं गावी, नवरा खोलीत दहा जणांबरोबर. सुखाचं नव्हतं ते. पण गावाला माहीत असायचं की हा माणूस पुढेमागे इथे येऊन ओट्यावर बसणार आहे.

पहिला तडा गिरणी संपाने गेला, असं माझं मत आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बरेच महिन्या-दोन महिन्यांत गावोगाव परतले. आमच्या भागातलेही होते. सुरुवातीला पाहुणचार झाला. मग घरातल्या भाकरी मोजल्या जाऊ लागल्या. भाऊ बोलला नाही, भावजय बोलली. नोकरी गेलेला माणूस परत येतो तेव्हा घराला तो किती जड होतो, हे त्या पिढीच्या मुलांनी जेवणाच्या पंगतीत पाहिलं. आमची पिढी तीच.

म्हणून आम्हाला जायला शिकवलं, परत यायला कुणी शिकवलं नाही. तुझा मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा शाळेने सत्कार केला, शाल-नारळ दिला. आळेफाट्यावर फ्लेक्स लागला. भावकीतल्या लग्नपत्रिकेत त्याच्या नावापुढे कंसात ‘अमेरिका’ छापून येऊ लागलं. आणि शेजारच्या गावातला एक जण मंदीत परत आला, चांगला स्वतःच्या मनाने आला, तर चावडीवर पहिलं वाक्य काय निघालं? काढून टाकलं असेल. त्याला वर्षभर ते पुसता आलं नाही. शेवटी तो पुण्याला हिंजवडीत गेला. तेवढं अंतर गावाला चाललं.

आता तिकडचं सांगतो, कारण इथे ते कुणाला ठाऊक नसतं आणि तो कधी सांगत नाही. एच-१बी व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. त्यापुढे राहायचं तर ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव लागावं लागतं. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, आणि त्यांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त सहसा जाऊ देत नाहीत. भारतासारखा मोठा देश आणि एखादं चिमुकलं बेट, टक्का तोच. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. रांगेत उभं असताना गावी यायचं, तर परतीसाठी बहुतेकदा दूतावासाचा शिक्का पासपोर्टावर नव्याने लागतो. त्याची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तिकडची नोकरी, भाड्याचं घर, शाळेतली मुलं, सगळं टांगणीला. आणि वडील रांगेत असतानाच मूल एकवीस वर्षांचं झालं, तर ते त्या रांगेतून बाहेर पडायची धास्ती असते. तू गेलीस तेव्हा तुझ्या नातीचं विसावं चालू होतं. त्याने आईचं प्रेत निवडावं की मुलीचा पाय जमिनीवर ठेवावा, हे ठरवायला त्याला किती तास होते ते मला माहीत आहे. इथे मांडवात कुणालाच माहीत नव्हतं.

तरी कायद्याने सगळं उलगडत नाही. ज्यांना ग्रीन कार्ड मिळालं, निळा पासपोर्ट मिळाला, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, तेही येत नाहीत. भारत दोन देशांचं नागरिकत्व देत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं संपतं, आणि हातात ओसीआय कार्ड येतं. ते कार्ड असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते. म्हणजे उद्या तुझ्या मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं, तरी आळ्यातली तुझी दीड एकर त्याच्या नावावर लागेल. वारसनोंद होईल, फेरफार मंजूर होईल, सातबाऱ्यावर तुझ्या नावाला कंस पडून खाली त्याचं नाव येईल. सातबारा त्याला बाहेर काढायला तयार नाही. माणसांनीच त्याला पाहुणा केलं आहे.

मग कुणी परत येतच नाही का? आला होता एक, आणि आमच्याच तालुक्यात त्याची खूण उभी आहे. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी भारतातल्या संस्थांना पत्र लिहिलं, की आम्हाला देशात येऊन एकत्र काम करायचं आहे. १९६२ च्या जानेवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांची तार गेली. या, तुमचा गट आपण उभा करू, असा तिचा आशय. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफर्ड सोडून आले. चौघांत टाटा संस्थेत अखेरपर्यंत राहिले ते स्वरूप. पहिला संच कल्याणला उभा केला, मग उटीला दुर्बीण, आणि मग नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. कांद्याच्या वाफ्यांच्या पलीकडे त्या मान वळवताना दिसतात. स्वरूप २०२० मध्ये पुण्यात वारले. खोडदच्या गावकऱ्यांना कदाचित त्यांचं सगळं शास्त्र कळलं नसेल, मलाही कळत नाही. पण त्या तारेचं मला फार वाटतं. कुणीतरी बोलावलं होतं. येऊन काय करायचं ते ठरलेलं होतं. मांडीखाली पाट होता.

तुझ्या मुलाला तार कुणी केली, आक्का?

आपल्या तालुक्यात परदेशचा आवाज उपग्रहावरून उतरायची सोय देशात सगळ्यात आधी झाली. आर्वीचं उपग्रह केंद्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला. परदेशचे फोन आकाशातून नारायणगावच्या माळावर उतरायचे आणि तिथून मुंबईला जायचे. पुढे समुद्राखालच्या तारा आल्या, मोबाइल आला, आणि रविवारी सकाळी तुझ्या ओट्यावर न्यू जर्सी वाजू लागली. मी पुष्कळदा तिथे असायचो. पाऊस झाला का. झाला. कांदा? बराखीत भरलाय, बाजार नाही. गुडघा? बरा आहे. मासवडी केली होतीस का? केली होती, तुझी आठवण आली. मग थोडं थांबणं. मग तू म्हणायचीस, तू तिकडं नीट राहा, इकडची काळजी करू नको, सगळे आहेत आम्हाला.

सगळे कोण होते? मी, तो पुतण्या आणि दाराशी बांधलेली गाय. उसात बिबट्या आला म्हणून संध्याकाळी सातला तू कडी लावून घ्यायचीस.

एकदा मी तुला विचारलं होतं, ये म्हणत का नाहीस त्याला? तू कांदे निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “आला अन् त्याला इथं करमलं नाही, मग? माझ्यामुळं आलो म्हणंल.” तुझ्या मायेत एवढी भीती होती हे मला त्या दिवशी कळलं. आणि दहाव्यानंतर त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, मी दोनदा विचारलं रे, कायमचा येऊ का. ती म्हणाली, इथं काय आहे. त्याने त्याचा अर्थ असा घेतला की तिला नको आहे. ती मुलाच्या भल्यासाठी गप्प राहिली, तो आईच्या मनासाठी राहिला. अठरा वर्षं दोघांनी एकमेकांचं असं ऐकलं.

पगार, रस्ते, शाळा, स्वच्छ हवा ही कारणं खरी आहेत. ती नसती तर कुणी गेलंच नसतं. पण जाण्याची कारणं पाच-दहा वर्षांत झिजतात. पन्नाशीला आलेला माणूस रस्त्यांसाठी कुठे राहत नाही. तो राहतो कारण तिकडे सोमवारी त्याची कुणीतरी कामावर वाट पाहतं, आणि इकडे त्याच्या येण्यावर कुणाचं काही अडलेलं नाही, असं त्याला वाटत राहतं. त्याला तसं वाटू देण्यात आपण सगळे आहोत. मीही. मी त्याला अठरा वर्षांत औषधं सांगितली, तिकिटं विचारली, ‘ये’ म्हटलं नाही. त्याची मोठी नोकरी, आपण कशाला बोला.

तुझ्या घराला आता कुलूप आहे. किल्ली पुतण्याकडे. बराखीत मागच्या हंगामातला कांदा मोड येऊन सडला, तो परवा बाहेर काढला.

आळे, बेल्हे, ओतूर, राजुरी, कुठलंही गाव असो, ज्यांचं कुणी तिकडे आहे त्यांना एवढीच विनंती. येत्या रविवारी पाऊस आणि बाजारभाव बोलून झाले की त्याला ये म्हणा. येऊन काय करता येईल तेही सांगा. शेत सांगा, शाळेत शिकवायला माणूस हवा आहे ते सांगा, घराची गळती सांगा. तो नाहीही येणार. आणि आलाच, तर पहिल्या दिवशी त्याला नोकरीचं विचारू नका.