सोळा चौकटींतली लेकरे

मेक्सिको शहराच्या उत्तरेला तेपोत्सोत्लान हे गाव आहे. तेथील जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या विद्यालयात १९६४ पासून स्पॅनिश राजवटीच्या काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. या संग्रहालयात अठराव्या शतकातले एक चित्र आहे. चित्रकाराचे नाव अज्ञात. चित्रात सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीत आई, बाप, मूल आणि त्या मुलाची जन्मावरून ठरवलेली ‘कास्ता’!

वाचकहो, शब्द ओळखीचा वाटतो ना? आपल्याकडच्या जातीला इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तो पोर्तुगीजांच्या याच ‘कास्ता’वरून आला.

स्पॅनिश बाप आणि मूळ रहिवासी आई, तर मूल ‘मेस्तिसो’. मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचे मूल ‘कास्तिसो’. कास्तिसो आणि स्पॅनिश यांचे मूल पुन्हा ‘स्पॅनिश’. आफ्रिकन रक्ताला मात्र अशी परतीची वाट नाही. पुढे एका लेकराचे नाव आहे ‘मागे उडी’, तर पंधराव्या चौकटीतल्या लेकराचे ‘तू मला कळत नाहीस’! हिशेब मांडणाऱ्यालाच हिशेब कळेना, आणि त्याचा शिक्का बसला लेकराच्या कपाळी.

पाद्रीही बाप्तिस्म्याच्या वहीत कास्ता लिहीत. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला. १८२२ च्या कायद्याने अशा नोंदी बंद केल्या. १८२९ साली राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो यांनी गुलामगिरी रद्द केली. ते स्वतः आफ्रिकन वंशाचे होते.

आज तेथील कुटुंबे पूर्वज शोधताना त्याच वह्या चाळतात. वही संपते तेथे थुंकीची तपासणी कामी येते. आपल्या पेशींत एक अंश असा असतो, की तो फक्त आईकडूनच लेकरांत उतरतो. बहुतेक मिश्र वंशाच्या मेक्सिकन लोकांत हा अंश मूळ रहिवासी स्त्रीचा निघतो. बापाकडून मुलग्यात उतरणारा अंश मात्र पुष्कळदा युरोपातला असतो. जिंकणाऱ्यांनी त्या भूमीतल्या स्त्रियांवर काय लादले, याची ही साक्ष आहे. त्यांतल्या अनेकींची नावे कोणत्याच वहीत नाहीत.

आफ्रिकेचा वारसाही असाच दडून राहिला. २०१९ साली राज्यघटनेने आफ्रिकन वंशाच्या मेक्सिकन समाजाला मान्यता दिली. २०२० च्या जनगणनेत सुमारे २५ लाख लोकांनी आपण त्या वंशाचे आहोत असे उघडपणे सांगितले. १५६५ ते १८१५ या काळात मनिलाहून आकापुल्कोला जहाजे येत. त्यांतून विकायला आणलेल्या गुलामांत आपल्या हिंदुस्थानातली माणसेही होती.

तपासणीचा कागद टक्के सांगतो. पण एकाच आईबापाच्या सख्ख्या भावंडांचे टक्केही सारखे येत नाहीत. मग त्यावरून माणसाची किंमत कशी ठरणार? पूर्वजांचा शोध जरूर घ्यावा, विस्मरणात गेलेल्या आयांना घरात जागा द्यावी. मात्र त्या शोधातून सतरावी चौकट कोणी आखू नये.