सोलायची सुरी

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीनं हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात आमच्या गावातल्या गॅरेजांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. तुळईला पांढऱ्या शेपटीचं हरीण टांगलेलं असतं आणि बाह्या वर सारून बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ कामाला लागलेले असतात. मी मराठवाड्यात वाढलो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी घातली आणि ती योग्यच आहे. उरलंसुरलं जंगल आणि त्यातली जनावरं त्याशिवाय टिकली नसती. इथली परिस्थिती वेगळी आहे. हरणं भरमसाट वाढतात, शेतं खातात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्य सरकारच परवाने देतं. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला सहसा प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही. मीही ते केलं. त्यात बंदुकीवर भरपूर बोलणं झालं, सुरीवर फार थोडं.

वास्तविक बंदुकीचं काम एका क्षणाचं असतं. पुढचे कित्येक तास सुरीचे असतात. आपण एक जीव घेतला आहे, तर त्यातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी त्या तासांमध्ये पार पडते किंवा पडत नाही. म्हणून मला सुरीबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं.

सोलणं मला शिकवलं आमच्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी. सगळी हयात त्यांनी गाई पाळण्यात आणि शिकार करण्यात घालवली. त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मला आमच्या गावचा खाटीक आठवला. दोघांची पद्धत एकच. मागच्या पायांच्या कंडरांमागून आडवी काठी घालून जनावर उलटं टांगायचं. कातडीला पायाभोवती गोल चीर द्यायची आणि मांडीच्या आतल्या बाजूनं खाली दुसरी. कातडी नि मांस यांच्यामध्ये एक पातळ पांढरा पापुद्रा असतो. तो सापडला की सुरी बाजूला ठेवायची, मूठ आवळून आत दाबायची आणि दुसऱ्या हातानं कातडं खाली ओढायचं. जनावर ऊबदार असेल तर ते सरसर निघतं. पाठीवर, पुठ्ठ्यावर, मानेशी ते अडतं. तिथं सुरीची गोलाई पापुद्र्यावरून नुसती फिरवायची, धार कातडीकडे झुकती ठेवून, म्हणजे मांस कापलं जात नाही. कातडं कमवायला द्यायचं असेल तर मात्र तिथं हात आणखी हलका हवा, कारण आतून पडलेला ओरखडा कमावल्यावरही दिसतो.

हे एकदा लक्षात आलं की सुरी कोणती घ्यायची हा प्रश्न निम्मा सुटतो. दुकानात आठ-आठ इंचांचे सुरे काचेआड मांडलेले असतात. ते या कामाचे नाहीत. तीन ते चार इंचांचं पातं पुरतं. मुठीतून तर्जनी पुढे काढून पात्याच्या पाठीवर ठेवता आली पाहिजे, कारण आतड्यांजवळ डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटाला कळतं. पोट उघडताना दोन बोटं कातड्याखाली घालून, त्यांच्यामधून धार वर करून पातं सरकवावं लागतं. टोक फार अणकुचीदार असेल तर ते कोथळ्यात नाहीतर मूत्राशयात घुसतं आणि मांस नासतं. म्हणूनच पाठ टोकाकडे हळूच उतरत आलेली, टोक मध्यरेषेजवळ आलेलं आणि धारेला पुढे चांगला गोलवा असलेलं पातं शिकाऱ्यांनी आपलंसं केलं. बॉब लव्हलेस या अमेरिकन कारागिरानं हा घाट लोकप्रिय केला आणि आज तो जवळपास प्रत्येक कंपनी बनवते. पाठीवर आकडा असलेल्या सुऱ्याही मिळतात. पोटाची चीर त्यानं झटपट जाते हे खरं, पण त्यात केस अडकतात आणि त्याला धार लावायला गोल कानस लागते. मी तो घेत नाही. बदलती पाती लावायच्या सुऱ्यांचं आता मोठं वेड आहे. ती पाती वस्तऱ्यासारखी चालतात, पण सांध्यात पिळली की मोडतात, आणि मांसात राहिलेला तुकडा शोधणं ही गंभीर गोष्ट आहे.

मुठीकडे लोक रंगरूप पाहून जातात. मी सांगेन, हात ओला करून धरून पाहा. रक्त नि चरबी लागली की गुळगुळीत शिंग आणि पॉलिश केलेलं लाकूड दोन्ही निसटतात. जरा रबरी, खरबरीत मूठ चांगली, आणि नारिंगी असेल तर आणखी चांगली, कारण पाचोळ्यात ठेवलेली सुरी संध्याकाळी दिसत नाही. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं.

पोलादाबद्दल तासन्‌तास वाद चालतात. साधं कार्बन पोलाद दगडावर पटकन धार धरतं पण रक्तानं काळवंडतं, ओलं राहिलं तर गंजतं. ४४०सी किंवा एस३०व्ही यांसारखी स्टेनलेस पोलादं गंजाला दाद देत नाहीत. त्यांतलं एस३०व्ही धार बराच वेळ टिकवतं, पण ती गेली की परत आणायला वेळ घेतं. डी२ हे साधं कार्बन आणि स्टेनलेस यांच्या मधलं. माझं मत सरळ आहे: पोलादाला पाणी नीट बसलेलं असावं, रॉकवेल मापावर ५८ ते ६० च्या आसपास, मग नाव कोणतंही चालेल. उरलेले पैसे दगडावर खर्च करावेत.

धार जाते कुठे, हेही शेजाऱ्यांनीच दाखवलं. हरणाचा केस पोकळ असतो आणि केसांमध्ये माती अडकलेली असते. बाहेरून केसांवर सुरी चालवली की एका जनावरातच ती बोथट होते. पहिली चीर पडल्यावर पुढचं सगळं कापणं आतून बाहेर करायचं. धार टिकते आणि कापलेले केस मांसाला चिकटत नाहीत. मागच्या पायांच्या आतल्या अंगाला केसांचे गडद, उग्र वासाचे पुंजके असतात, त्या ग्रंथी. त्यांना लागलेली सुरी धुतल्याशिवाय मांसाला लावायची नाही.

धार लावायला माझ्याकडे आर्कान्सासचे दोन दगड आहेत, एक भरड, एक बारीक. दगडावर थोडं तेल, पातं साधारण वीस अंशांत, आणि दगडाचा पातळ पापुद्रा काढतोय अशा बेतानं पुढे सरकवायचं. कोन बरोबर आहे का हे कळायला धारेच्या कडेला काळ्या मार्करनं रेघ ओढावी. दोन-चार हातांनंतर शाई अगदी कडेपर्यंत गेली तर कोन ठीक; वरच्या बाजूचीच गेली तर पाठ फार खाली झुकली आहे. एका अंगानं घासत राहिलं की पलीकडच्या अंगाला खरखर जाणवते, अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेनं ओढून ती तपासायची. टोकापासून मुठीपर्यंत ती सलग लागली की मगच बाजू बदलायची. शेवटी हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्यावर, पाठ पुढे ठेवून, हलकेच. यात घाई करणाऱ्याची धार चकाकते पण चालत नाही.

काम संपलं की गरम पाणी, साबण, ब्रश, मुठीच्या सांध्यातसुद्धा. डिशवॉशरमध्ये कधीही नाही. पूर्ण कोरडी करून खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा पुसट हात. आणि वर्षभर सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडं ओल धरतं, कमावतानाची रसायनं त्यात असतात. सुरी कागदात गुंडाळून खणात ठेवावी, म्यान वेगळं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. त्याचं कारण प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन. ते उकळून नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असं आरोग्यखातं स्पष्ट सांगतं. म्हणून मी हातमोजे घालतो, मेंदू नि पाठीचा कणा कापत नाही, आणि शिकारीची सुरी घरच्या स्वयंपाकात येत नाही. अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवलं की चार भाग घरगुती ब्लीच नि सहा भाग पाणी, अशा द्रावणात पाच मिनिटं बुडवलं तर स्टेनलेस पोलादाच्या पृष्ठभागावरचे प्रिऑन निष्क्रिय होतात. मात्र मांसाच्या कणात ते द्रावण शिरत नाही, त्यामुळे आधी घासून सुरी लख्ख करायलाच हवी. ब्लीच पोलाद खातं, तेव्हा नंतर भरपूर पाणी, फडकं, तेल.

इकडे नव्यानं आलेले आपले काही तरुण मला विचारतात, परवाना काढायचाय, कोणती सुरी घेऊ? त्यांना एवढंच सांगणं आहे की सुरी साधी घ्या, हंगामाच्या आधी जुन्या चामड्यावर हात बसवा, आणि हरणाच्या नमुन्याची तपासणी जरूर करून घ्या. राज्य ती मोफत करतं. निकाल यायला दिवस लागतात. तोवर मांस नाव-तारीख घालून फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा, आणि रोग निघाला तर ते खाऊ नका, कुणाला देऊही नका.