अडुळशाच्या फांद्या पाठवते

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. गॅलरीत पंधरा कुंड्या आणि सगळ्यांचा मिळून रोज एक काढा! अगं, २०२० साली तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी घातलेलं पातेलं आमच्या ओट्यावरून खाली उतरत नव्हतं. करोनाचं काय झालं देव जाणे, पित्तं मात्र सगळ्यांची खवळली. औषधी म्हटलं की ते औषधच. दुखणं नसताना रोज कशाला घ्यायचं?

अडुळसा मात्र लाव. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्याकडे तो बांधावर, कुंपणाला. कफ सुटत नसेल तर पिकत आलेली पानं तव्यावर मऊ पडेपर्यंत गरम करायची, फडक्यात घालून पिळायची. चार-पाच पानांचा जेमतेम चमचाभर रस निघतो, कडूजहर. तो मधात चाटवायचा. खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्झिन लिहिलेलं असतं ना, ते याच पानांतल्या व्हॅसिसिनवरून घडवलेलं. पण तुझ्या जावेला दिवस गेलेत, तिला हा रस अजिबात देऊ नकोस. गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते.

गुळवेलीची घाई नको. तिच्यासारखीच हृदयाच्या आकाराची पानं असलेली दुसरी एक वेल तिच्या नावावर खपते. त्या वेलीच्या खोडावर बारीक गाठी असतात, तोडलं की दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला गाठी नाहीत नि चीकही नाही. गुळवेलीच्या नावाखाली काहीबाही घेऊन यकृताला सूज आल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा आयुष मंत्रालयानं २०२२ मध्ये हाच फरक समजावून सांगितला होता. जाणत्या माणसानं दाखवल्याशिवाय रोप आणू नकोस. आणि तुझी थायरॉइडची गोळी चालू आहे, तेव्हा काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

गवती चहा, पानओवा खुशाल लाव. पानओव्याची भजी तर औषध म्हणून कोण खातं!

दादाचं ऐकतेस? भजनासाठी गळा मोकळा राहावा म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळत असतो. त्यानं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. इकडे रक्तदाबाची गोळी चालूच! माझं ऐकत नाही, लेकीचं ऐकेल.

रविवारी तो तिकडे येतोय. त्याच्याबरोबर अडुळशाच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून देते. डोळे वर राहतील अशा खोच, कुंडीत पाणी साचू देऊ नकोस. आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशातली पुडी तेवढी काढून घे.

तुझी,
आत्या