कानाला नीट बसेल तोच इअरफोन

आमच्या घरी गाण्यांची आवड सर्वांनाच. लोकलच्या प्रवासात तर मुलांच्या कानातून इअरफोन निघत नाही. म्हणून तो घेताना आम्ही जाहिरात पाहत नाही, आधी कान पाहतो. इअरफोनसोबत बहुधा लहान, मध्यम, मोठी अशी रबरे मिळतात. रबर सैल बसले की ढोलकीचा घुमारा हरवतो, गाडीचा खडखडाट आत शिरतो आणि आपण आवाज वाढवत जातो. धोका नेमका इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. मोठ्या आवाजाने कानाच्या आतील पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आमची पारख साधी आहे. प्रल्हाद शिंदे यांचे एखादे गाणे हळू आवाजात लावावे. शब्द न् शब्द कळला, ढोलकी व पेटी वेगवेगळी ऐकू आली, तर माल चांगला. नुसता धमधमाट म्हणजे दर्जा नव्हे.

माता-पित्यांनो, पैसे थोडे कमी-जास्त लागतील. मुलांचे कान मात्र विकत मिळत नाहीत. आणि रूळ ओलांडताना इअरफोन खिशातच हवा, हे त्यांना रोज बजावा.