बुडीची मजुरी

बेळगावकरांना कोकणाचे वेड नवे नाही. आंबोलीचा घाट उतरावा, सावंतवाडी-कुडाळ मागे टाकून मालवणच्या धक्क्यावर उभे राहावे, होडीने सिंधुदुर्गात जाऊन दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहाव्यात आणि संध्याकाळी सोलकढीची वाटी तोंडाला लावावी, असा आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा परिपाठ. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवरायांनी ज्या मोरयाच्या धोंड्यापाशी किल्ल्याचा मुहूर्त केला, त्याला हात लावल्यावाचून आमचे वडील परत फिरत नसत. तटाच्या पायाशी, पाण्याखालीही पाहण्यासारखे काही असेल, हे मात्र त्यांच्या मनातही कधी आले नसेल.

गेल्या डिसेंबरात गेलो तो निराळ्याच निमित्ताने. माझा भाचा इंजिनियरिंगची पदवी बाजूला ठेवून पाणबुड्या झाला आहे. कोणाच्या कायम नोकरीत नाही. हंगामात मालवण, मधूनच गोवा, कधी मुरुडेश्वराजवळचे नेत्राणी बेट. जो बोलावील त्याच्याकडे आपली साधने घेऊन जायचे आणि हौशी पाहुण्यांना हाताला धरून समुद्राखाली फिरवून आणायचे, हा त्याचा व्यवसाय. जेवणे झाल्यावर ओटीवर बसलो असता त्याने विचारले, "मामा, तुम्ही पस्तीस वर्षे बँकेत आकडे मांडलेत. मला एवढे सांगा, दिवसाचे किती मागू?"

मी पाच मिनिटेही घेतली नाहीत. महिन्याला तीस हजारांत त्याचे भागते. तीस दिवसांनी भागले की रोजचे हजार. वर दोनशे चहापाण्याचे धरू, असे मी मोठ्या औदार्याने म्हटले. तो हसला. "उद्या माझ्याबरोबर पाण्यात या, मग पुन्हा हिशेब करू."

साठी ओलांडल्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणण्याची ताकीद त्याने आधीच पत्नीकरवी दिली होती. तिचा अर्थ मला आता कळला. सकाळी अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर दाबलेल्या हवेचे नळकांडे आणि नाकाडोळ्यांवर काच असा सारा थाट झाला. होडीच्या कडेला धरून त्याने मला तोंडाने श्वास घ्यायला शिकवले, कानांत दडा बसला की नाक चिमटीत धरून हवा कशी लोटायची ते दाखवले. मग म्हणाला, "दर दहा मीटरला अंगावर आणखी एका वातावरणाचा भार पडतो. दहा मीटरवर घेतलेला श्वास छातीत कोंडून वर आलात, तर तो दुप्पट फुगू पाहील. बाकी काही चुकले तरी मी आहे, पण श्वास कोंडू नका, मामा."

आम्ही वीसेक फूटच खाली गेलो असू. हिरवट उजेडात खडक दिसू लागले, त्यांवर प्रवाळाची बेटे, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या तोंडासमोरून निर्धास्त निघून गेला. हा सागरी टापू १९८७ पासून अभयारण्य आहे, हे मी वाचले होते. वाचणे आणि पाहणे यांत केवढे अंतर! पण थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले, की भाच्याने एकदाही माशांकडे पाहिले नव्हते. त्याची नजर माझ्या डोळ्यांवर, माझ्या बुडबुड्यांवर आणि हवेच्या काट्यावर खिळली होती. मी मासे पाहत होतो आणि तो मला.

दुपारी त्याने वही काढली. पावसाळ्यात समुद्र बंद. उरलेल्या आठ महिन्यांत वारा, लाटा, गढूळ पाणी आणि बोलावणेच न आलेले दिवस वजा जाता, गेल्या वर्षी कामाचे दिवस भरले अवघे एकशेवीस. श्वासयंत्राची दुरुस्ती, विमा, परवान्याचे नूतनीकरण, प्रथमोपचाराची उजळणी, झिजणारी साधने आणि खोलीचे भाडे मिळून वर्षाचे एक लाख वीस हजार. घरखर्चाचे तीन लाख साठ हजार. बेरीज चार लाख ऐंशी हजार, भागिले एकशेवीस. रोजचे चार हजार! माझा बँकेतला हिशेब चौपटीने चुकला होता, कारण मी रिकामे दिवस जमेला धरले होते.

धक्क्यावर मात्र त्याला माणशी दोनशे मिळत. म्हणजे चार हजारांसाठी वीस माणसे, वीस वेळा खाली-वर. प्रत्येक चढ-उताराबरोबर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचा आणि कानांचा धोका वाढतो; आणि विसाव्या पाहुण्याच्या वाट्याला येतो तो थकलेला पाणबुड्या. स्वस्त दर ऐकून पुढे सरसावणाऱ्या आपल्या मंडळींनी 'आज तुमची ही कितवी बुडी?' असे एकदा तरी विचारावे.

दुसऱ्या दिवशी होडी निम्म्या वाटेवर गेली आणि तांडेल पाण्याकडे पाहून म्हणाला, "पाणी गढूळ आसा, आज काय दिसाचा नाय." लाटही वाढत होती. पाहुणे पैसे भरून बसलेले, परत फिरायला तयार नव्हते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. ती आठवण या किनाऱ्यावर अजून ताजी आहे. भाच्याने शांतपणे नकार दिला. त्या दिवशी त्याच्या हाती एक पैसा आला नाही. माणशी मजुरी घेणाऱ्याने 'नाही' म्हणायचे म्हणजे स्वतःच्या घासाला नाही म्हणायचे. असा नकार रोज कोणाकडून मागावा?

रात्री आम्ही दोघांनी मिळून कागद केला. दिवसाचे चार हजार, माणशी नव्हे. एका दिवसात जास्तीत जास्त सहा पाहुणे, एका वेळी एकच. आणि समुद्र पाहून परत फिरावे लागले तर निम्मी मजुरी.

सकाळी त्याला बोलावणाऱ्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला. साडेतीन हजारांवर सौदा आणला, सहाचे आठ केले आणि तिसऱ्या ओळीवर पेनाने काट मारली. भाच्याने पहिल्या दोन बदलांना मान डोलावली, पेन मागून घेतले आणि ती ओळ खाली पुन्हा लिहिली. "भावाला विचारून सांगतो," असे म्हणून गृहस्थांनी कागद खिशात घातला.

आम्ही आंबोली चढत असताना त्याचा फोन आला. भाऊ अजून देवगडहून परतला नव्हता.