निदान एवढे तरी

मराठी ही आवाजांच्या नावांनी श्रीमंत भाषा आहे, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. अनुकरणवाचक शब्दांचा तास असला की फळ्यावर खडखड, घरघर, करकर, धाडधाड अशी रांग लागते, मुले हसतात आणि तास संपतो. या शब्दांत भाषेची हौस आहे तसे तिचे ज्ञानही साठलेले आहे, याचा प्रत्यय मात्र आम्हांला एका जुन्या जीपच्या मागच्या आसाखाली आला.

आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. जीप दुसऱ्या हाताने घेतलेली, मागे पाट्यांची. तिचे मुख्य काम एकच : पाटण तालुक्यातील गावाहून आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कराडला नेणे आणि परत आणणे. आमच्यापैकी एकाची ती आई, दुसरीची सासू. हाक दोघांचीही ‘आई’ हीच. २०२३च्या पावसाळ्यात रस्त्याची दैना झाली, आणि त्याच सुमारास आई एकदा म्हणाली, “मागं कायतरी हलतंय बघ.” पुढे बसणाऱ्यांना इंजिन ऐकू येते, मागे बसणारा थेट आसावर बसलेला असतो. चालवणाऱ्याच्या आधी तिला कळले, यात नवल नव्हते.

आवाज होता तो ‘खट्’. गाडी जागची हलताना एकदा, ब्रेक लावताना एकदा. वाटेत वारंवार नाही, पण आला की पोटात धस्स व्हावे असा. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी एक फेरी मारली आणि कागदावर लिहून दिले : मागचे हौसिंग उघडावे, क्राऊन-पिनियन बदलावे. हे निदान निराधार नव्हते. दात झिजले की गाडी उचलताना ‘खट्’ होते, हे खरेच आहे. पण खर्चाचा आकडा वाचून आम्ही थोडा अवधी मागितला. त्या महिन्यात आईच्या औषधांचा खर्चही वाढलेला होता.

पुढच्या फेरीत, आई दवाखान्यात असताना, एका वयस्क फिटरकडे गेलो. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, आत एक जॅक, दोन घोड्या, भिंतीवर पान्हे. आम्ही आवाज कोठून येतो ते सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “सर, आवाज कुठं येतो ते राहू द्या. कधी येतो ते सांगा.”

या एका वाक्यात त्यांची सारी विद्या होती, असे आम्हांला आता वाटते. गाडीचा सांगाडा लोखंडाचा. आवाज त्यातून कोठल्या कोठे धावतो. उजवीकडची खडखड डावीकडे ऐकू येते. म्हणून ‘कुठे’ हा प्रश्न फसवा. ‘कधी’ मात्र फसवत नाही. छोट्या छोट्या खळग्यांवर खडखड असेल तर शॉकअपचे बुश पाहावे. मोठ्या गतिरोधकावर ‘धप्’ होत असेल तर पाटे बसले आहेत आणि आस वरच्या रबरावर आपटतो आहे. वेगाबरोबर चढणारी ‘घूंऽऽ’ अशी घरघर असेल तर बेअरिंग किंवा क्राऊन-पिनियन. वळणावर एका बाजूला भार पडताच ती बदलली तर संशय बेअरिंगवर अधिक. ‘टक् टक् टक्’ अशी लय असेल तर ती मोजावी. चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो. म्हणजे लय चाकाची की शाफ्टची, हे कानानेच ठरते. आम्ही फळ्यावर लिहीत आलो ते शब्द या शेडमध्ये एकमेकांचे पर्याय नव्हते. ‘खडखड’च्या जागी ‘घरघर’ म्हटले असते, तर भलताच भाग उघडला गेला असता.

त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? मागची जादा स्टेपनी, जॅक, टॉमी, पाण्याचा कॅन, सगळे उतरवले. “आधी सामानाचा आवाज वजा करा.” मग मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू देऊन अलगद ब्रेक लावायला सांगितला. ‘खट्’ आलाच. इंजिनाचा जोर मागे पोचत नसताना आवाज येतो, तर केवळ क्राऊन-पिनियनला दोष देऊन कसे भागेल? न्यायशास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो हाच : जे असता जे घडते ते पाहावे, आणि जे नसतानाही ते घडते का, हेही पाहावे. गॅरेजवाल्यांनी पहिला अर्धा भाग केला होता.

मग चाकांना दगड लावून ते खाली शिरले. शाफ्ट हाताने पिळून क्रॉसमधली ढिलाई पाहिली, नव्हती. शॅकलच्या बुशमध्ये टॉमी घालून उचकून पाहिले, थोडी होती. शेवटी बॅटरीचा झोत डाव्या पाट्यांवर टाकून आम्हांला वाकायला सांगितले. पाटे आसाला बांधणाऱ्या यू-बोल्टांच्या कडेला तांबूस भुकटी जमली होती आणि तिच्याशेजारी लोखंड चकाकत होते. “जिथं हलतं तिथं चमकतं.” मग सुतळी घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. डावीकडे ते बोटभर अधिक भरले. यू-बोल्ट सैल, आणि पाट्यांच्या गठ्ठ्याला आसावर ठाव देणारा सेंटर बोल्ट तुटलेला. आस ब्रेकसरशी मागे आणि गाडी उचलताच पुढे सरकत होता. उतारावर, भरल्या गाडीत, हा आस आणखी सरकला असता तर काय झाले असते, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. खर्चिक दुरुस्ती करून आम्ही त्याच सैल आसावर आईला नेत राहिलो असतो, एवढे मात्र ध्यानात आले.

‘निदान’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. एक, रोग ओळखणे. दुसरा, ‘कमीत कमी’ : निदान एवढे तरी. आयुर्वेदात निदान म्हणजे मुळात कारण. शिवाय रोग ओळखण्याच्या पाच साधनांत ‘उपशय’ म्हणून एक आहे, कशाने बरे वाटते ते पाहून रोग ताडणे. पण आम्हांला भुरळ पडली ती मराठीतल्या दुसऱ्या अर्थाची. त्या फिटरने प्रत्येक पायरीवर ‘निदान एवढे तरी’ इतकेच म्हटले : निदान सामान नव्हे. निदान क्रॉस नव्हे. हातात येईल त्याहून एक शब्द अधिक बोलले नाहीत.

आमच्या व्यवसायात याच्या उलट घडते. कवितेत एकदा अंधार आला की विद्यार्थी लिहितो, कवी निराश आहे. आणि समीक्षक त्याच वाक्याला मोठा पारिभाषिक शब्द जोडतो. अंधार कोठे आहे हे सगळे सांगतात. कोणत्या ओळीनंतर, कोणत्या क्रियापदाच्या भाराखाली तो येतो, हे क्वचित. आवाज ऐकताच हौसिंग उघडण्याची घाई साहित्यातही पुष्कळ आहे. तेथे फक्त बिल दुसऱ्याच्या नावाने निघते. असो.

नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, शॅकलचे बुश. गाडी घोड्यांवरून उतरवून, तिचा भार चाकांवर आल्यावरच त्यांनी शेवटचा आवळा दिला, आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला बोलावले. आम्ही गेलो. ‘खट्’ गेला होता. एक बारीक कुरकुर मात्र उरली होती. तीही घालवता येईल का, असे विचारले. ते म्हणाले, “मॅडम, ती राहू द्या. पाटे एकमेकांवर घासतात म्हणून तर गाडी कमी उसळते. तो दोष नाही, तो पाट्यांचा स्वभाव.”

मूत्रपिंडे पूर्ववत होणार नाहीत, हे आईच्या डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितले होते. त्यांनीही हातात होते तेवढेच सांगितले : काय आवळता येईल, आणि कशासह राहावे लागेल. आठवड्यातल्या दोन फेऱ्या चालूच आहेत. उंब्रजच्या अलीकडे रस्ता खराब आहे तेथे पाटे कुरकुरतात. आई डोळे मिटून बसलेली असते. ती आता त्या आवाजाबद्दल काही म्हणत नाही, आणि आम्हीही.