न दिसणारा बिघाड

मी दृष्टिहीन आहे आणि माझं घर भाषांतराच्या कामावर चालतं. राहायला कर्जतच्या दहिवली भागात. माहितीपत्रकं, योजनांचे मसुदे, औषधं घेण्याच्या सूचना असा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा आणि ईमेलने पाठवायचा. हे सगळं मी कानाने करतो. माझ्या लॅपटॉपवर ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर आहे. कर्सर जिथे असेल तिथली ओळ, बटणाचं नाव, मी टाइप केलेलं अक्षर, सगळं तो बोलून दाखवतो. माउस मला लागत नाही, कीबोर्ड पुरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो मोफत आहे. महागडा स्क्रीन रीडर विकत घेणं ज्यांना शक्य नव्हतं, अशा माझ्यासारख्या अनेकांना त्याने रोजगार दिला.

गेल्या पावसाळ्यात हा सोबती अडखळायला लागला. खालचा बाण दाबला की पुढची ओळ तत्काळ ऐकू यायला हवी. तिथे आधी शांतता, मग अर्धी ओळ, मग पुन्हा शांतता. टाइप केलेली अक्षरं एकेक ऐकू येण्याऐवजी मागाहून घोळक्याने यायची. मध्येच आवाज पूर्ण बंद व्हायचा आणि थोड्या वेळाने साचलेलं सगळं एका दमात बाहेर पडायचं. त्या वेळी हातात एका औषधाचं माहितीपत्रक होतं. ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ यातला ‘दोनदा’ गिळला गेला आणि माझ्या लक्षात आलं नाही, तर तो मजकूर वाचणाऱ्या रुग्णाचं काय होईल? या विचाराने मी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी मजकूर द्यायचा होता, तरी थांबवलं.

लॅपटॉप घेऊन स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा कामसू आणि बोलायला गोड. त्याने पहिल्यांदा काय केलं, तर स्क्रीन रीडरची बडबड बंद केली आणि माउस हातात घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, “काका, मशीन तर एकदम फास्ट चालतंय. मला काहीच प्रॉब्लेम दिसत नाही.”

“तुला दिसणार नाही, बाळा. तो ऐकावा लागेल.”

मी स्क्रीन रीडर परत सुरू केला आणि अडखळणं त्याला ऐकवलं. त्याने मन लावून ऐकलं, पण त्या आवाजात बरोबर काय आणि चूक काय हे त्याला कळेना. “फॉरमॅट मारू या का?” एवढंच त्याच्याकडे होतं. मी नको म्हटलं. आजार कळल्याशिवाय फॉरमॅट मारलं, तर तीच सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकल्यावर आजारही परत येणार.

आमच्यासारख्यांना संगणक शिकवणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. वरळीला ‘नॅब’ आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे. पण कर्जत ते सीएसएमटी हे अंतर १०० किलोमीटर. संगणक अडला की दर वेळी लोकलने तिकडे जाणं परवडत नाही. तालुक्याच्या गावातल्या दृष्टिहीन माणसाला आपला बिघाड आपणच शोधावा लागतो. पुण्यातला माझा एक मित्र, तोही दृष्टिहीन आणि या विषयातला जाणकार, फोनवर सोबतीला बसला.

“आधी हे ठरव,” तो म्हणाला, “की दोष एनव्हीडीएचा आहे की संगणकाचा.” त्यासाठी एनव्हीडीए बंद केला आणि विंडोज, कंट्रोल व एंटर या कळा एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा ‘नॅरेटर’ सुरू केला. तोही तसाच अडखळला. एवढ्या एका चाचणीतून बरंच काही कळलं. दोन वेगवेगळे स्क्रीन रीडर एकाच पद्धतीने अडखळत असतील, तर दोष त्यांच्या खालच्या थरात कुठेतरी आहे. तरी खात्रीसाठी एनव्हीडीए पूरक प्रोग्रॅमशिवाय सुरू करून पाहिला, बोलणारा आवाज बदलून पाहिला. फरक शून्य.

मग नोंदवही तपासली. एनव्हीडीए आपल्या हालचालींची नोंद ठेवत असतो. इन्सर्ट आणि एफ-१ दाबलं की ती उघडते. नोंदीची पातळी बारीकसारीक तपशील टिपणाऱ्या ‘डीबग’वर नेली, पुन्हा काम केलं आणि नोंद ओळीओळीने ऐकली. जिथे जिथे आवाज थांबला होता तिथे तिथे स्क्रीन रीडरचा गाभा गोठल्याची सूचना होती. म्हणजे त्याच्यावर कुठून तरी असह्य भार पडत होता.

अशा वेळी कुठलाही तंत्रज्ञ सांगतो, सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह, सुरू करून बघा. आमच्यासाठी हा सल्ला बिनकामाचा आहे, कारण सेफ मोडमध्ये ध्वनीचे ड्रायव्हरच सुरू होत नाहीत. संगणक चालू असतो, पण मुका. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. विंडोजचं ‘एमएसकॉन्फिग’ उघडून मायक्रोसॉफ्टच्या सेवा यादीतून लपवल्या, बाकीच्या बंद केल्या आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी अ‍ॅप टास्क मॅनेजरमधून थांबवली. मित्राने एक गोष्ट बजावून सांगितली होती: साउंड कार्डच्या कंपनीच्या सेवेला हात लावायचा नाही, नाहीतर पुढचं पाऊल टाकायला आवाजच उरणार नाही. संगणक पुन्हा सुरू केला आणि एनव्हीडीए पूर्वीसारखा घडाघडा बोलायला लागला.

आता गुन्हेगार त्या बंद केलेल्यांपैकी कुणीतरी होता. भिंतीत ओल उतरली आणि घरातली वीज वारंवार ट्रिप व्हायला लागली, की वायरमन एकेका खोलीची लाइन तोडून दोष शोधतो. आम्ही तसंच केलं, फक्त एकेक न घेता निम्मी निम्मी. निम्मी अ‍ॅप सुरू करायची आणि ऐकायचं. ठीक असेल तर दोष उरलेल्या निम्म्यात. मध्येच कर्जतच्या पावसाने वीज घालवली, बॅटरी संपली, काम दुसऱ्या दिवसावर गेलं. शेवटी एकच अ‍ॅप उरलं. मला काम देणाऱ्या एका कंपनीने पाठवलेलं ते अ‍ॅप होतं. त्यात पारिभाषिक शब्दांची यादी होती आणि कामाला लागलेला वेळ नोंदवला जायचा.

त्या अ‍ॅपची एक छोटी पट्टी पडद्याच्या कोपऱ्यात सतत तरंगत असे आणि तिच्यावर वेळेचे आकडे फिरत असत. विंडोजमध्ये ‘यूआय ऑटोमेशन’ नावाची व्यवस्था आहे. पडद्यावर काय बदललं हे अनेक प्रोग्रॅम तिच्यामार्फत स्क्रीन रीडरला कळवतात. ही पट्टी आकडा बदलला की कळवायची, आणि आकडा न बदलता नुसती नव्याने रंगवली गेली तरी कळवायची. डोळस माणसाला कोपऱ्यातलं घड्याळ दिसतं आणि तो ते विसरून जातो. स्क्रीन रीडरला मात्र आलेली प्रत्येक सूचना हातात घेऊन, ही बोलायची की सोडायची, हे ठरवावं लागतं. त्या गर्दीत माझी ओळ मागे पडत होती. दुकानातला मुलगा खोटं बोलत नव्हता. डोळ्यांसाठी तिथे बिघाड नव्हताच.

एनव्हीडीएच्या प्रगत सेटिंगमध्ये या सूचना सरसकट न घेता निवडक घेण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर त्रास कमी झाला, पण गेला नाही. पट्टीच बंद करायला हवी होती. अ‍ॅपमध्ये टॅब दाबत गेलो तर ऐकू आलं: “बटण. बटण. बटण.” एकाही बटणाला नाव दिलेलं नव्हतं. त्यांच्यावर नुसती चित्रं आहेत, असं बायकोने पाहून सांगितलं. तिने योग्य ते बटण दाखवलं, पट्टी गेली आणि त्याबरोबर सगळा त्रास गेला.

मी कंपनीला सविस्तर लिहिलं. विंडोजची आणि स्क्रीन रीडरची आवृत्ती, बिघाड घडवून पाहण्याच्या पायऱ्या, पट्टी असतानाची आणि नसतानाची नोंद, हे सगळं जोडलं. पहिलं उत्तर ठरावीक आलं: अ‍ॅप काढून पुन्हा टाका. मी पुन्हा लिहिलं. तेव्हा तिथल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या संगणकावर एनव्हीडीए उतरवला, पडदा बंद केला आणि आपलंच अ‍ॅप कीबोर्डवर चालवून पाहिलं. त्यानंतर त्याने मला फोन केला. “सर, आम्हाला हे कधी कळलंच नसतं,” तो म्हणाला. पुढच्या आवृत्तीत पट्टीच्या अनावश्यक सूचना थांबल्या आणि प्रत्येक बटणाला नाव मिळालं.

त्या प्रोग्रॅमरबद्दल मला मनापासून आदर आहे. पण असं वागणं कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहता कामा नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे आणि त्याचं ४२ वं कलम माहिती तंत्रज्ञान सुगम असण्याबद्दलच आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आमची बँक, शिक्षण, नोकरी हे सगळं संगणकाच्या नि फोनच्या पडद्यांतून चालतं, म्हणून हा निकाल आम्हाला इतका जवळचा वाटतो.

माझ्या दृष्टिहीन मित्रांना सांगेन की, “दिसत नाही” असं कुणी म्हणालं म्हणून आपल्या कानावर अविश्वास दाखवू नका. दुसरा स्क्रीन रीडर लावून बघा, नोंद जपून ठेवा, निम्मं निम्मं करत दोष गाठा आणि पुराव्यासह लिहा. आणि अ‍ॅप बनवणाऱ्या मराठी मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. एनव्हीडीए फुकट मिळतो. तुमचं अ‍ॅप लोकांच्या हाती देण्याआधी तो सुरू करा, पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. जिथे तुम्ही अडाल तिथे आमच्यातल्या कुणाचा तरी रोजगार अडलेला असतो.